डाव्या गुंडाळीचा चाबूक

नवसाबाई हे नाव ऐकलं की कुणालाही वाटावं, आईबापांनी देवाला साकडं घालून ही पोर मागून घेतली असेल. साकडं घातलं होतं हे खरं, पण ते मुलासाठी. मुलगी झाली तेव्हा बापानं, सावळीरामनं, कपाळाला हात लावला, आणि पुढं दुसरं मूल झालंच नाही तेव्हा नाइलाजानं हिलाच समोर बसवून चाबूक विणायला शिकवलं. त्यात पोर निघाली डावखुरी. सावळीराम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "देवानं एक तर पोरगी दिली, अन् तीबी उलट्या हाताची." हे सगळं तिच्या देखत. या माणसाला एक दिवस तोंडात बोट घालायला लावायचं, हे तिनं तेव्हाच ठरवलं असणार.

आणि लावलं. १९७८ साली नाशिकरोड स्टेशनाबाहेरच्या अड्ड्यावर तीसेक टांगे उभे राहायचे, त्यांतल्या पंचवीस जणांच्या हातात नवसाबाईचा चाबूक होता. उरलेले पाच कंजूष होते. तिचा चाबूक ओळखायची खूण सोपी. वादीची वेणी संपते आणि टोकाचा गोंडा सुरू होतो, तिथं मेण लावलेल्या दोऱ्याची बोटभर गुंडाळी असते. बाकी सगळ्या जगाची गुंडाळी उजवीकडं फिरत जाते, नवसाबाईची डावीकडं. सुरुवातीला लोक हसले. मग तेच लोक दुकानदाराला विचारू लागले, "डाव्या गुंडाळीचा हाय का?"

काम तसं पाहिलं तर चार वस्तूंचं. बकऱ्याचं कमावलेलं कातडं, रापी, एरंडेल आणि वेताची काठी. रापीनं कातड्याच्या वाद्या काढायच्या, मुळाशी रुंद आणि पुढं निमुळत्या. त्या भिजवायच्या, तेल चोळायचं, आणि एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून आठ पेडांची वेणी धरायची. हातभर झाली की दोन पेड आत जिरवायचे, मग सहाची, मग चाराची, शेवटी तिनाची. पेड कुठं आत घ्यायचा आणि किती ओढायचा, यातच सगळी मेख. तिथं फुगवटा राहिला की चाबूक मुका. नीट उतरत गेला तर नुसतं मनगट फिरवलं तरी हवेत फट्‌कन वाजतो, आणि घोडं त्या आवाजालाच पळतं. अंगाला लावायचं कामच पडत नाही. नवसाबाईचं मत असं, की घोड्याच्या पाठीवर वळ उठवणाऱ्या माणसाला एक तर चाबूक चालवता येत नाही, नाहीतर त्याच्या हातातला चाबूक भिकार असतो.

सावळीरामच्या घरात आणखी एक रीत होती. चाबूक पुरा झाला की गिऱ्हाइकाच्या समोर विणणाऱ्यानं पहिला फटका स्वतःच्या मनगटावर मारून घ्यायचा. लाल रेघ उठली तर उठू दे. पण कातडी फाटली तर तो चाबूक तिथंच रापीनं तोडायचा. नवसाबाईनं तीस वर्षांत किती फटके खाल्ले याची गणती नव्हती, पण रक्ताचा टिपूस कधी आला नव्हता. यात लबाडी करायची एक युक्तीही असते. शेवटच्या क्षणाला मनगट किंचित ढिलं सोडलं की आवाज येतो तसाच, पण वादी अंगाला नुसती चाटून जाते. बघणाऱ्याला कळत नाही. ही युक्ती तिला बापानंच दाखवली होती, आणि दाखवून झाल्यावर म्हणाला होता, "हे यायला पायजे. करायचं मात्र नाय."

तिनं कधी केलं नव्हतं.

मल्हारी हा तिचा धाकटा दीर. नवरा जयराम एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळीवर जायचा, मल्हारी टांगा हाकायचा, आणि देवळाली गावातल्या घराला लागून जी पडवी होती तिथं त्याची घोडी मैना बांधलेली असायची. सासू लवकर गेली, त्यामुळं मल्हारीला नवसाबाईनंच खाऊपिऊ घालून मोठं केलं होतं. त्याला टांग्याच्या परवान्याचा बिल्ला मिळाला त्या दिवशी तिनं त्याला विकत मिळणार नाही असा चाबूक विणून दिला. एकही पेड जोडाचा नाही, सगळ्या वाद्या एकाच कातड्यातून काढलेल्या. मल्हारी तो चाबूक झोपताना उशाशी घ्यायचा. बायको येत नाही तोवर हे ठीक आहे, असं जयराम चेष्टेनं म्हणायचा.

पण त्या वर्षा-दोन वर्षांत स्टेशनाबाहेर रिक्षा वाढल्या. पंचवटीला जाणारा भाविक बाहेर यायचा, टांग्याकडं एकदा कौतुकानं बघायचा आणि रिक्षात बसायचा. बाकी टांगेवाले रिक्षावाल्यांच्या नावानं बोटं मोडत बिड्या ओढत बसले. मल्हारीला ते जमेना. त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं. रिक्षाच्या आधी पंचवटी गाठून दाखवायची. अड्ड्यावर पोरं त्याला चढवायची, आणि हा चढायचा. संध्याकाळी मैना घरी यायची ती घामानं निथळत, तोंडाला फेस. थंडी संपत आली तेव्हा तिच्या डाव्या पुठ्ठ्यावर एक जखम दिसली, बोटभर लांब, ओली.

"हे काय रं?" नवसाबाईनं विचारलं.

"सरंजामाच्या पट्ट्याचा आकडा घासतोय, वहिनी. बदलून घेतो."

तिनं जखमेवर हळद आणि तेल भरलं. हात लागताच मैना थरथरली. आठ दिवसांनी त्या जखमेशेजारी दुसरी दिसली. आकडा एवढा जागा बदलून कसा घासतो, हे विचारायचं तिच्या मनात आलं होतं. विचारलं नाही. आपल्या हातानं वाढवलेल्या माणसावर संशय घ्यायला जीव धजत नाही, आणि नवसाबाई कितीही फटकळ असली तरी त्या बाबतीत चारचौघींसारखीच होती.

मग एका दुपारी प्राण्यांची काळजी वाहणाऱ्या कुठल्याशा मंडळाच्या इन्स्पेक्टरनं मल्हारीला पंचवटीच्या वाटेवर, द्वारकेच्या चौकात अडवलं. घोडीच्या जखमा लिहून घेतल्या, चाबूक जप्त केला, खटला भरला. तेवढ्यावर तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी अड्ड्यावर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं भाषण केलं. हा खटला एकदा सिद्ध होऊ दे, मग बघा, कातड्याचा एकेक चाबूक जप्त करायला लावतो. आणि मारणाऱ्यापेक्षा असली हत्यारं बनवणारे हात मोठे गुन्हेगार आहेत, असंही तो म्हणाला.

हे बोलणं नवसाबाईपर्यंत आणलं खंडेरावनं. खंडेराव अड्ड्यावरचा सगळ्यांत जुना टांगेवाला, मिशा पांढऱ्या, शब्दाला मान. तो सांगत होता तेव्हा नवसाबाईच्या अंगठ्याला वादी अडकवलेली होती. तिनं मान वर केली नाही. चाराची वेणी तिनावर आणली, एक पेड आत जिरवला, आणि मग म्हणाली, "कोणते हात गुन्हेगार म्हणाला?"

"बनवणारे."

"मला कोर्टात घ्या."

अड्ड्यानं मिळून वकील केला होता. त्यानं पहिल्या फटक्याची रीत ऐकली आणि खुर्चीतून उठलाच. "बाई, हे तुम्ही कोर्टासमोर करून दाखवाल?"

"रोजच करते. कोर्टाला काय वेगळा हात लावायचा?"

वकिलाच्या दृष्टीनं खटला तिथंच जिंकला होता. जप्त केलेलाच चाबूक, बनवणारी बाई, तिचं स्वतःचं मनगट. कातडी फाटली नाही की मग जखमा सरंजामाच्या, चाबूक निर्दोष, मल्हारी मोकळा, अड्डा मोकळा. अड्ड्यावर ही बातमी पसरली आणि लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी मल्हारी चुलीपाशी येऊन बसला. बराच वेळ काटकीनं राख उकरत राहिला.

"वहिनी, ते हाताबिताचं राहू द्या. नुसतं तोंडानं सांगा."

"का रं?"

"कोर्टात, एवढ्या माणसांत... बाईमाणसानं असं करणं बरं दिसत नाय."

"हात माझा, चाबूक माझा. बरं न दिसायला काय झालं?"

तो आणखी काही बोलणार होता, पण जयराम पाळीवरून आला आणि मल्हारी उठून मैनेला कडबा घालायला गेला. नवसाबाईला उलट भरून आलं. स्वतःवर खटला असताना पोराला वहिनीच्या अब्रूची काळजी, असं तिला वाटलं. माणूस शहाणा असला म्हणजे सगळ्या वेळी शहाणा असतो असं नाही.

कोर्टात बसायला जागा नव्हती. अर्धा अड्डा आलेला, आणि त्यांच्या घोड्यांचा वासही त्यांच्याबरोबर आलेला. आधी इन्स्पेक्टर बोलून गेला. मग नवसाबाईचं नाव पुकारलं. तिनं शपथ घेतली, पदर खोचला. वकिलानं नाव, गाव, धंदा विचारून घेतला आणि शिपायाकडून चाबूक तिच्या हातात देववला.

"हा चाबूक तुम्हीच बनवलेला?"

चाबूक हातात आला आणि नवसाबाईला कळलं.

डोळ्यांना कळायच्या आधी हाताला कळलं. टोक जड होतं. गहू दोन गहू एवढंच जड, पण जिनं तो चाबूक वाद्यांपासून घडवला तिला ते शेरभर वाटलं. तिनं वेणीवरून अंगठा खाली नेला. आठ पेड तिचे. सहा तिचे. चार, तीन, तिचेच. पुढं गुंडाळी. ती उजवीकडं फिरत गेली होती. तिच्याखाली तारेसारखं काहीतरी ताठ होतं, आणि गोंड्याच्या रेशमात बोट घातलं तर टोचलं.

तिनं मल्हारीकडं पाहिलं. मल्हारी छतावरच्या पंख्याकडं बघत होता. पंखा बंद होता.

"बाई, कोर्ट विचारतंय," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

आकडा घासतोय, वहिनी. हाताबिताचं राहू द्या, वहिनी. एकेक वाक्य तिच्या कानात परत वाजलं. आणि तिला आठवलं की आपण त्या जखमेवर हळद भरत होतो, मैना थरथरत होती, आणि हा तिथंच दाराला टेकून उभा होता.

काय करता येईल तेही तिला तितकंच लख्ख दिसत होतं. मनगट ढिलं सोडायचं. आवाज येईल, तार अंगाला चाटून जाईल, फार तर एक ओरखडा. मल्हारी सुटेल. चाबकावरचा ठपका जाईल. अड्ड्यावर तिची वाहवा होईल. आणि खरा फटका मारला तर मल्हारी जाईल, कदाचित त्याच्याबरोबर चाबूकही जाईल, कारण भर कोर्टात रक्त काढणारा चाबूक कुणाचा तर नवसाबाईचा. तीस वर्षांचं नाव एका फटक्यात धुळीला मिळेल. वकील तिच्याकडं बघून हसत मान हलवत होता, मारा, मारा.

तिला संताप आला. मल्हारीचा आला, त्या गोड हसणाऱ्या वकिलाचा आला, गुन्हेगार हात म्हणणाऱ्या त्या इन्स्पेक्टरचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला, कारण दुसरी जखम दिसली तेव्हाच तिला कळायला हवं होतं. तिनं उजवा हात साक्षीदाराच्या कठड्यावर ठेवला, बांगड्या कोपराकडं सरकवल्या आणि डाव्या हातानं चाबूक हाणला. घोड्याला मारावा तसा, कसलीही कसर न ठेवता.

तो वाजला नाही. नुसता थप्प असा आवाज झाला. मनगटावर बोटभर कातडी उलटी झाली आणि रक्त कठड्यावरून खाली ठिबकलं.

कोर्टात एकच गलका झाला. शिपाई ओरडायला लागला. वकील घाईघाईनं पुढं आला, "साहेब, बाई घाबरल्यात, त्यांना समजलं नाही..."

"घाबरले नाय," नवसाबाई म्हणाली. "समजलंय. साहेब, मला एक ब्लेड द्या."

मॅजिस्ट्रेटनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं आणि कारकुनाला खूण केली. त्यानं पेन्सिलीला टोक करायचं पातं पुढं केलं. तिनं गुंडाळीच्या वर बोट ठेवलं.

"इथपर्यंतचा चाबूक माझा. इथून खाली माझा नाय." तिनं दोरा कापला, गोंडा उपटला आणि वेणीच्या पोटातून सायकलच्या ब्रेकची तार ओढून बाहेर काढली. तिचं टोक वळवून अणकुचीदार केलेलं होतं. ती तिनं टेबलावर ठेवली. तिच्या रक्ताचे थेंबही टेबलावर पडले. "माझी गुंडाळी डावीकडं जाते. स्टेशनावर कुणालाबी विचारा. ही उजवी हाय."

"ही तार कुणी घातली?"

"ज्याच्या हातात चाबूक व्हता त्याला विचारा साहेब. मी चाबूक बनवते. हात नाय बनवत."

विचारायची वेळच आली नाही. मल्हारी पिंजऱ्यातच मटकन खाली बसला होता. रिक्षाच्या पुढं जायचं होतं, असं काहीतरी पुटपुटला, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाला, "चुकलो साहेब." इन्स्पेक्टर उठून सगळ्याच चाबकांबद्दल परत बोलू लागला, तेव्हा मॅजिस्ट्रेटनी त्याला खाली बसवलं. मल्हारीला दंड झाला, तीन महिने बिल्ला जमा करायला लागला. चाबकांच्या बंदीची गोष्ट तिथंच निकालात निघाली. गुन्हा तारेचा, चाबकाचा नव्हे, असं साहेबांनी लिहायला सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर इन्स्पेक्टर तिच्यामागं आला. चेहरा फुललेला.

"बाई, कमाल केलीत. तुमच्यासारखी माणसं समाजात..."

"तुम्ही माझ्या हातांना गुन्हेगार म्हणालात."

"तसं नव्हे, मी सर्वसाधारण..."

"ते मागं घ्या."

तो इकडंतिकडं बघायला लागला. पायऱ्यांवर माणसं थांबली होती. "घेतो," तो म्हणाला.

"अड्ड्यावर मोठ्यानं बोलला व्हता."

इन्स्पेक्टरनं घसा साफ केला आणि पुन्हा, पुरेशा मोठ्यानं, घेतो म्हणाला. तिनं पदरानं मनगट बांधलं आणि एकटीच बसनं घरी आली. एकटी, कारण अड्ड्यावरच्या एकाही माणसानं तिला टांग्यात बस म्हटलं नव्हतं.

आता खरी लढाई सुरू झाली. कोर्ट परवडलं, घर आणि अड्डा परवडत नाही. खंडेराव दुसऱ्या दिवशी येऊन दारातच उभा राहिला. "बाई, घरचं माणूस व्हतं. चार भिंतींच्या आत कानफटवायचं. असं चव्हाट्यावर?"

"घोडी चार भिंतींच्या आत फोडली व्हती का? ती तर द्वारकेवर, सगळ्यांच्या देखत. तवा तुम्ही कुठं व्हता खंडेराव? त्याच्या मागंच तर टांगा असायचा तुमचा."

खंडेराव गेला. त्यानंतर अड्ड्यावरून कुणी आलं नाही. ज्यांचे चाबूक झिजले त्यांनी बाजारातून नायलॉनच्या दोरीचे आणले, निळे आणि लाल, स्वस्त. मल्हारी अड्ड्यावरच कुणाच्या तरी टांग्यात झोपू लागला. जयरामनं बोलणं टाकलं. डबा तिनं भरायचा, त्यानं न्यायचा, मध्ये शब्द नाही. महिनाभरानं एकदा रात्री जेवताना तो ताटाकडं बघत म्हणाला, "जरा हात राखला असतास तर?"

"तर मैना मेली असती."

"भाऊ हाय माझा."

"मलाबी मुलासारखाच हाय. म्हणून तर." डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला राग आला, आणि ती भांडी आपटत घासायला बसली.

मैनेला मात्र तीन महिने तिनं जपलं. सकाळी नदीवर नेऊन धुवायची, जखमेवर औषध लावायची. आणि रोज, गिऱ्हाईक असो नसो, चाबूक विणायला बसायची. मनगटावरची जखम भरून तिथं पांढरी रेघ राहिली होती, विणताना ओढायची. कातडं संपत आलं तेव्हा तिनं कुणाला काही सांगितलं नाही. पण एके दिवशी जयराम पाळीवरून आला तो काखेत बकऱ्याच्या कातड्याची गुंडाळी घेऊन. कोपऱ्यात ठेवली आणि हातपाय धुवायला गेला. तिनं त्यातून वाद्या काढायला घेतल्या.

नायलॉननं अड्ड्याचं काय केलं ते नवसाबाईला आधीच माहीत होतं. नायलॉनच्या दोरीला निमुळतेपण नसतं, म्हणून आवाज नसतो. आवाज नसला की घोडं ऐकत नाही, आणि ऐकत नाही म्हणून माणूस मारतो. दोन महिन्यांत घोड्यांच्या पाठीवर वळ दिसायला लागले. खंडेरावचा म्हातारा घोडा तर भर रस्त्यात रुसला. मागं कुठलीशी वऱ्हाडी मंडळी बसलेली, पुढं बस ठणाणा करतेय, आणि घोडा जागचा हलेना. खंडेरावनं निळी दोरी झटकली तर त्यानं मागं वळून मालकाकडं पाहिलं, म्हणे. शेवटी रिक्षावाल्यांनी उतरून टांगा ढकलला. यापरीस मरण बरं, असं खंडेराव नंतर स्वतःच सांगायचा.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. दारात उभा न राहता आत येऊन बसला.

"चाबूक पायजे."

"हाय." तिनं एक काढून त्याच्यापुढं ठेवला. तो वाट बघत राहिला. ती हलली नाही.

"पहिला फटका?"

"तुम्ही मारायचा. तुमच्या हातावर."

"आजवर तुम्ही मारून घेत व्हता."

"आजवर मी चाबकाची हमी देत व्हते. आता ज्याच्या हातात जाणार त्याची हमी मला पायजे. नसंल जमत तर बाजारात निळे भेटतात."

खंडेराव उठला, चालता झाला. गल्लीच्या टोकापर्यंत गेला, तिथं थोडा वेळ उभा राहिला, आणि परत येऊन बंडीची बाही वर करत बसला. फटका मारला. लाल रेघ उठली, रक्त नाही. त्यानं त्या रेघेकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "लागतं की जरा."

"हो ना," नवसाबाई म्हणाली.

तो गेला आणि मग एकेक करून बाकीचे आले. कुरकुरत आले, शिव्या देत आले, काहींनी डोळे मिटून मारून घेतलं. कंजूष होते त्या पाचांतलेही दोघं आले.

बिल्ला परत मिळाला त्या दिवशी मल्हारी आला. वाळला होता. आधी पडवीत गेला. मैनेच्या पुठ्ठ्यावर जखमांच्या जागी दोन पांढऱ्या केसांच्या रेघा आल्या होत्या. त्यानं हात लावायला नेला, ती बाजूला सरकली. तो बाहेर येऊन नवसाबाईसमोर उकिडवा बसला.

तिनं फळीवरून चाबूक काढला. तोच होता. कोर्टातून सुटून आलेला, एकाच कातड्याच्या वाद्यांचा. खाली नवा गोंडा आणि नवी गुंडाळी, डावीकडं फिरत गेलेली. तो तिनं त्याच्या मांडीवर ठेवला. जयराम दारात येऊन उभा राहिला होता.

मल्हारीला रीत कळली होती, सगळ्या अड्ड्याला कळली होती. त्यानं बाही वर केली, हात पुढं धरला आणि फटका मारला. आवाज झाला, पण शेवटच्या क्षणाला मनगट ढिलं पडलेलं तिनं पाहिलं.

"असा नाय," नवसाबाई म्हणाली. "घोडीला मारायचास तसा मार."

मल्हारीनं दादाकडं पाहिलं. मग मल्हारीनं ओठ घट्ट मिटले, हात मागं नेला आणि मारला. फट्‌कन आवाज गल्लीभर गेला. त्याच्या हातावर लाल रेघ उठली. तिकडं पडवीत मैनेनं दाव्याला हिसका दिला, मागं मागं सरकली आणि भिंतीला अंग चिकटवून थरथरत उभी राहिली. याच आवाजाला ती एके काळी कान टवकारून धावायची.

मल्हारीनं ते पाहिलं. चाबूक त्याच्या हातात तसाच राहिला. डोळे भरून आले होते, ते त्यानं पुसले नाहीत.

"बास, वहिनी?"

"मला काय विचारतोस?" नवसाबाई म्हणाली. "तिला विचार."